गिरणीतील माता आणि अर्ध्या वेळेचा प्रश्न

मुंबईच्या कापडगिरण्यांच्या बोलीत कामावर न येण्यास 'खाडा' म्हणत. 'पाळी', 'बदली', 'नग' आणि 'खाडा' या शब्दांनी कामगाराचा दिवस मोजला जाई. तान्ह्या मुलासाठी स्त्री-कामगार जो वेळ काढी, त्याला मात्र या शब्दसंग्रहात स्वतंत्र नाव नव्हते. तो वेळ म्हणजे खाडा तरी, नाही तर कमी भरलेले नग. अर्ध्या वेळेचे काम गिरणीस सर्वस्वी अपरिचित होते असे मात्र नव्हे. १८९१ च्या कारखाने कायद्याने ९ ते १४ वर्षांच्या मुलांना दिवसास ७ तासांची मर्यादा घातली होती, आणि ही मुले 'हाफ-टायमर' म्हणून ओळखली जात. मुलासाठी अर्धा दिवस कायद्यात होता. त्या मुलाच्या आईसाठी तो नव्हता.

त्याच कायद्याने स्त्रियांचा कामाचा दिवस ११ तासांपुरता मर्यादित केला व दीड तासाची विश्रांती दिली. प्रौढ पुरुषांच्या वेळेला त्या काळी कायद्याचे बंधन नव्हते. तेव्हा ही सवलत त्या काळच्या मानाने लहान नव्हती. पुढे १९२२ मध्ये सर्व प्रौढ कामगारांसाठी आठवड्यास ६० तास, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ५४ तास आणि १९४८ मध्ये ४८ तास अशी मर्यादा उतरत गेली. परंतु कायद्याने मोजलेले तास गिरणीच्या दारापाशी संपत. चाळीच्या नळावरचे पाणी, चूल, धुणे व मुले यांचे तास त्यापुढे सुरू होत, आणि त्यांची नोंद कोठेच होत नसे.

गिरणीतील स्त्रिया मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या व रिळावर घेण्याच्या खात्यांत असत. तेथील मजुरी बहुधा नगावर असल्यामुळे या खात्यांतील वेळ इतर खात्यांच्या मानाने सैल राही. सकाळची भाकरी करून काहीशा उशिरा यावे, संध्याकाळी थोडे लवकर निघावे, असे काही अंशी चालून जाई. आज जिला 'अर्धवेळ नोकरी' म्हणतात, तिचे हे एक अघोषित रूपच होय. परंतु या सवलतीची किंमत कोण देत असे, हे पाहणे अगत्याचे आहे. काम नगावर असल्याने कमी भरलेल्या वेळेचा तोटा प्रामुख्याने स्त्रीच्याच मजुरीतून वसूल होई. ज्या घरात तेवढी मजुरी सोडणे परवडत नसे, तेथे आई पूर्ण दिवस गिरणीत थांबे आणि तान्हे मूल शांत राहावे म्हणून त्यास अफूमिश्रित बाळागोळी दिली जाई. १९२० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत मुंबईतील स्त्री-कामगारांच्या प्रसूतीविषयी डॉ. बार्न्स यांनी जी पाहणी केली, तीत ही चाल बहुतेक सर्व घरांत आढळली. मातेच्या वेळेचा हिशेब असा मुलाच्या शरीरात जमा होत होता.

या प्रश्नाकडे कायद्याची दृष्टी वळली ती बाळंतपणाच्या निमित्ताने. ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात १९२४ मध्ये मांडलेले प्रसूतिसाहाय्याचे विधेयक संमत झाले नाही. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात मात्र १९२८ मध्ये असे विधेयक विचारार्थ आले. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यास पाठिंबा देताना एक मर्मभेदी मुद्दा मांडला. प्रसूतीच्या मागेपुढे मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे असल्यामुळे त्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलणे युक्त होय; तथापि मालकही त्या जबाबदारीतून सुटत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ मध्ये कायदा झाला. या प्रकारचा तो हिंदुस्थानातील पहिला कायदा होय. परंतु साहाय्याचा भार त्याने एकट्या मालकावर टाकला.

याचा परिणाम दुहेरी झाला. बाळंतीण स्त्रीस प्रथमच हक्काचे पैसे मिळू लागले. त्याचबरोबर स्त्रीला कामावर ठेवणे मालकाच्या हिशेबात महाग ठरू लागले. रात्रपाळीस स्त्रियांना असलेली बंदी, सूत गुंडाळण्याची वेगवान यंत्रे आणि काटकसरीच्या नव्या योजना यांची त्यात भर पडली. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरणी-कामगारांत पंचमांशाच्या आसपास असलेले स्त्रियांचे प्रमाण पुढे सतत घटत गेले. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने हा भार मालक व कामगार यांच्या वर्गणीच्या निधीवर टाकण्याची वाट दाखविली. परंतु तोवर अनेक खात्यांतून स्त्रिया बाहेर पडू लागल्या होत्या.

गिरणीबाहेर काम मात्र होते. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी स्त्रिया घरोघर खाणावळी चालवीत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी स्थापिलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने या स्त्रियांना संघटित करून बँकेच्या कर्जाचा मार्ग खुला केला. त्यापूर्वी १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापडांचा व्यवसाय आरंभिला. तीच पुढे 'लिज्जत' नावाने प्रसिद्ध पावलेली संस्था होय. सकाळी कणीक न्यावी, घरी सवडीने पापड लाटावेत, दुसऱ्या दिवशी ते देऊन मजुरी घ्यावी, या रीतीत मूल नजरेआड होत नाही आणि वेळ आईच्या हाती राहतो. येथे मजुरी नगावरच आहे. परंतु लाटणारी स्त्री संस्थेची सभासद असून नफ्यातही तिचा वाटा असतो. गिरणीतील सैल वेळ आणि ही सवड यांतील महत्त्वाचा भेद हाच. सभासदत्वाचा असा आधार नसलेल्या घरकामात मात्र सवड उरते, हक्क उरत नाहीत.

२०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. विम्याच्या कक्षेबाहेरील आस्थापनांत तिच्या वेतनाचा भार मात्र पुन्हा मालकावरच राहिला. १९२८ च्या चर्चेतील प्रश्न त्यामुळे नव्याने उपस्थित झाला. मुंबईच्या या इतिहासावरून एवढे निश्चित दिसते की, कामाचे तास कमी झाल्याने माता आपोआप सुखी होत नाही. सोडलेल्या तासांची भरपाई तिच्या मजुरीतून होते, मालकाच्या खर्चातून होते, की समाजाच्या निधीतून, यावरच त्या अर्ध्या दिवसाचे मोल ठरते. पहिल्या पर्यायात तो खाडाच राहतो. दुसऱ्यात नोकरीचाच दरवाजा अरुंद होण्याचे भय असते. तिसरा पर्याय मुंबईत उच्चारला गेला लवकर, अंमलात आला उशिरा, आणि तोही अपुरा.