हुलग्याचे कढण

भाविक वाचकहो, दुष्काळाचा विषय निघाला की आम्ही कीर्तनकार दामाजीपंतांचे आख्यान लावतो. मंगळवेढ्याला बिदरच्या बादशहाची कोठारे होती. पंतांनी ती भुकेल्यांसाठी उघडली आणि पांडुरंगाने विठू महार होऊन त्या धान्याचे मोल बिदरला भरले, अशी ती परंपरेची कथा. श्रोत्यांचे डोळे भरून येतात. पण गावोगावी कोठार नव्हते आणि दामाजीही नव्हते. तिथल्या माणसांनी दिवस कसे काढले? त्याचे एक उत्तर चुलीवर सापडते. ते म्हणजे हुलगा.

देशावर हुलगा, कोकणात कुळीथ. धान्य एकच आणि फार जुने. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. तिथल्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत जे जळके दाणे मिळाले, त्यांत कुळीथही आहे. कडधान्य शिजवून काढलेल्या पाण्याला आयुर्वेदाने ‘यूष’ म्हटले. आपले कढण ते हेच.

या पिकाला काळी कसदार जमीन लागत नाही. मुरमाड, हलक्या रानात, पावसाळा सरत आला असताना पेरले तरी थोड्या ओलीवर ते येते. जिथे ज्वारी माना टाकते तिथे हुलगा तग धरतो.

१६३० चा दुष्काळ आठवा. तुकोबांचे घर महाजनांचे, दुकानदारीचे आणि सावकारीचे. तरी त्या दुष्काळात त्यांची थोरली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. साठवणीचा भरवसा किती, हे देहूने असे पाहिले. पुढे तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, ती या अनुभवानंतर. १९७२ साली आमच्या पिढीने तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. तेव्हा ज्याच्या घरी हुलग्याचे गाडगे होते, तो स्वतःला भाग्यवान समजे.

आता रीत ऐका. हुलगा आधी नीट निवडावा, कारण त्याच्याच रंगाचे खडे त्यात लपलेले असतात. रात्री भिजत घालावा. सकाळी भरपूर पाण्यात मंद आचेवर मऊ शिजवावा. वरचे तांबूस पाणी गाळून घेतले की ते कढण. त्याला तूप-जिऱ्याची फोडणी, मीठ आणि आंबटाला काहीतरी. खालच्या दाण्यांची उसळ. एका मापट्यात दोन पदार्थ होतात.

पुढे घराघराची तऱ्हा निराळी. माझी आई हुलगा भाजून दळायची आणि पिठाचे गूळ-सुंठ घातलेले माडगे करायची. आमच्या मंडळींचे माहेर कोकणातले. त्यांच्याकडे कळणात आमसूल आणि ठेचलेला लसूण. कुणी चिंच घालतो, कुणी पिठाची शेंगोळी वळून रश्शात सोडतो. काही माळकरी घरांत लसूण चुलीजवळ येत नाही, तिथे हिंग पुरतो. खरे कढण कोणते, यावरून सासू-सुनांचे वाद मी ऐकले आहेत. माउली, जे तुमच्या घरचे तेच खरे. गळ्यात माळ आली, मांसाहार सुटला, तेव्हा अंगात बळ राखले ते याच कडधान्यांनी.

पण सगळ्या घरांत एक गोष्ट सारखी होती. दारात अवेळी वारकरी आला, तर घरची माउली पातेल्यात तांब्याभर पाणी वाढवायची आणि चिमूटभर मीठ. भाकरी मोजलेली असते, ती वाढत नाही. कढण वाढते. चव थोडी पातळ व्हायची, पण पाहुणा उपाशी जायचा नाही. दामाजीपंतांनी कोठार उघडले. या बायांजवळ कोठार नव्हते, त्यांनी पातेले उघडले. त्यांची नावे कुठल्या आख्यानात नाहीत.

आज हुलगा म्हणजे गुराढोरांचे खाणे, गरिबाचे खाणे, असे म्हणून आपण तो मागे टाकला. रानातून तो कमी झाला आणि सुनांच्या हातातूनही रीत निसटते आहे. म्हणून एक विनंती. येत्या थंडीत घरातल्या सर्वांत वडील बाईला विचारा, तुमच्याकडे कढण कसे करायचे? ती सांगेल तसे करा, नातवंडांना शेजारी बसवा. आणि पाणी ठेवताना एका माणसाचे जास्त ठेवा. तो कोण येईल, ते पांडुरंगाला ठाऊक.

रामकृष्णहरि.