डॅन्यूब : मुखाकडून मोजलेली नदी

नदी उगमापासून मोजावी, असे आपण शाळेपासून शिकत आलो. डॅन्यूबचे तसे नाही. तिचा शून्य किलोमीटर रुमानियातील सुलिना या बंदरात, काळ्या समुद्राच्या तोंडाशी आहे. तेथून आकडे प्रवाहाविरुद्ध जर्मनीपर्यंत चढत जातात. जहाजांच्या सोयीसाठी रूढ झालेल्या या उलट्या मोजणीत आम्हाला नदीचा आर्थिक इतिहास दिसतो. डॅन्यूबचे मोल तिच्या मुखाशी ठरत आले आहे.

ब्लॅक फॉरेस्टपासून सुमारे २,८५० किलोमीटर वाहणारी ही नदी दहा देशांना स्पर्श करते. व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट आणि बेलग्रेड या चार राजधान्या तिच्या काठी आहेत. पण ती वाहते पूर्वेला, आणि एकोणिसाव्या शतकात धान्याचे मोठे गिऱ्हाईक होते पश्चिमेला. मोल्दाव्हिया-वालाखियातला गहू इंग्लंडला न्यायचा, तर आधी सुलिनाच्या उथळ तोंडातून समुद्रावर काढावा लागे. १८२९ च्या एद्रिने तहाने हे मुख रशियाच्या ताब्यात गेले. ओडेसाच्या व्यापाराचे भले व्हावे म्हणून रशिया गाळ काढत नाही, असा ब्रिटनचा आरोप होता. आरोप करणारे काही निःस्वार्थी नव्हते, हेही सांगायला हवे.

क्रिमियन युद्धानंतर १८५६ च्या पॅरिस तहाने युरोपीय डॅन्यूब आयोग स्थापन झाला. त्याचा अभियंता चार्ल्स हार्टली याने मुखाशी दोन बांध समुद्रात पुढे नेले. आवळलेला प्रवाह स्वतःच गाळ वाहून नेऊ लागला. नदीकाठ नसलेले ब्रिटन आणि फ्रान्स या आयोगाचे सदस्य होते. १९४८ च्या बेलग्रेड करारात मात्र नदीचा कारभार काठावरच्या देशांकडेच राहिला.

या नौकामार्गाची किंमत साऱ्यांनी सारखी मोजली नाही. लोखंडी दरवाजा या खिंडीतले खडक जहाजांना धोक्याचे होते. युगोस्लाव्हिया आणि रुमानियाने तेथे १९७२ मध्ये धरण पूर्ण केले. वीज मिळाली, वाट सुकर झाली, आणि अदा काले हे तुर्की वस्तीचे बेट मशिदीसह पाण्याखाली गेले. रहिवाशांतील पुष्कळजण तुर्कस्तानात गेले. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या बेटाला जागा क्वचितच मिळते.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई करून त्याची समुद्रावरची बंदरे कोंडली, तेव्हा इझमाईल आणि रेनी या डॅन्यूबकाठच्या बंदरांतून धान्य बाहेर पडू लागले. सुलिनाच्या तोंडाशी जहाजांची रांग लागली. जुलै २०२३ मध्ये काळ्या समुद्रातील धान्य-करार संपुष्टात आला आणि रशियाचे ड्रोन या नदीबंदरांवर कोसळू लागले.