दारूबंदीचा ठराव आणि विडीचे सूप

दारूविषयी आपल्या चळवळीने भरपूर बोलून ठेवले आहे. तंबाखूविषयी मात्र ती जवळजवळ गप्प आहे. महात्मा फुल्यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना लेखी हरकत घेतली होती. बाबासाहेबांनी १९२७ च्या डिसेंबरात महाडला स्त्रियांना सांगितले की, नवरा किंवा मुलगा पिऊन घरी आला तर त्याला जेवू घालू नका. १९५६ साली नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तंबाखूची प्रतिज्ञा मात्र नाही. यात कुणाचा दोष काढायचा नाही. तंबाखूचा कर्करोगाशी असलेला संबंध विलायतेत डॉल आणि हिल यांनी ठळकपणे मांडला तो १९५० साली. आपल्याकडे खानोलकरांसारखे संशोधक तोंडाच्या कर्करोगाचा अभ्यास करीत होते, पण ते ज्ञान वस्तीपर्यंत पोचले नव्हते. प्रश्न त्यानंतरच्या सत्तर वर्षांचा आहे. या सत्तर वर्षांत आपण काय केले?

मी हा प्रश्न विचारतो तेव्हा माझे हात स्वच्छ नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. माझे शिक्षण विडीवर झाले आहे. माझी माय भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीत विड्या वळायची. रात्री तेंदूपत्ता भिजवून ठेवायची, सकाळी पत्र्याच्या साच्यावर कैचीने कापायची, आणि मांडीवर सूप घेऊन बसली की दिवेलागणीपर्यंत उठायची नाही. दिवसाला आठशे विड्या व्हायच्या. एका विडीत पाव ग्रॅमच्या आतबाहेर जर्दा जातो. मी एकदा हिशेब मांडला: वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर दोन लाख विड्या, म्हणजे चाळीस-पन्नास किलो तंबाखू तिच्या बोटांतून गेली. मी दहावी पास झालो तोवर किती क्विंटल गेली असेल ते वाचकांनीच काढावे. विडी कामगारांच्या मुलांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचे पैसे मी घेतले आहेत. तेव्हा तंबाखू वाईट, एवढे म्हणून मला मोकळे होता येत नाही.

तंबाखू मुळात आपली नव्हेच. पोर्तुगीजांबरोबर ती दक्षिणेत आली. १६०४-०५ च्या सुमारास असद बेग नावाच्या मोगल सरदाराने विजापुराहून ती अकबराच्या दरबारात नेली आणि १६१७ साली जहांगिराने तिच्यावर बंदीही घातली. बंदीचे काय झाले ते आपण पाहतोच. दरबारात ती हुक्क्यातून गेली. कष्टकऱ्याची विडी आली ती फार उशिरा, एकोणिसावे शतक संपताना. मध्य प्रांताच्या जंगलात तेंदूचे झाड फुकट उभे होते. रेल्वे आली होती. गुजरातेतून व्यापारी आले होते. आणि पोटासाठी काहीही करायला तयार असलेले हात इथे होतेच. पुढे स्वदेशीच्या चळवळीने विलायती सिगारेट सोडायला सांगितली, तिचा लाभही विडीलाच झाला.

हे हात कुणाचे, हा इतिहासाचा खरा प्रश्न आहे. नागपूरकडचा महार समाज जाडेभरडे कापड विणायचा. १८७७ च्या पहिल्या दिवशी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या सुतापुढे हातमाग टिकला नाही. कोणी गिरणीत गेले, कोणी शेतावर मजूर झाले आणि कामठी, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात कितीतरी घरांत माग गेला नि सूप आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकामाचे खाते बंद होते. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, आणि तो धागा महाराच्या तोंडाला लागला की सवर्ण कामगार बाटतो. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे पुढे आणला. आता विडी पाहा. आमच्या मायबहिणींनी भिजवलेले पान, आमच्या बोटांनी भरलेला जर्दा, आमच्या नखाने मुडपलेले टोक. आणि ती विडी थेट कुणाच्याही ओठात! कोणत्या पाटलाने विडी पेटवण्याआधी वळणारीची जात विचारली? ज्या धंद्यात नफा आहे तिथे विटाळ सोयीने आंधळा होतो. स्पर्शाचे शास्त्र एवढे पातळ आहे हे मला कुठल्याही ग्रंथापेक्षा मायच्या सुपाने लवकर शिकवले.

विडी मजुरांची पहिली दखल आपल्याच माणसाने घेतली, याचा मला अभिमान आहे. 'जय भीम' या अभिवादनाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते कामठीचे बाबू हरदास यांनी ठेकेदाराच्या पंजातून मजुरांना सोडवण्यासाठी सहकारी तत्त्वावर विडीकाम सुरू केले आणि मजुरांची संघटना बांधली. १९३७ साली ते मध्य प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आले. १२ जानेवारी १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचे निधन झाले. दरवर्षी त्यांच्या स्मृतिदिनी आपण हार घालतो. पण ज्या मजुरांसाठी ते झिजले त्यांच्या छातीत काय चालले आहे, हे त्या दिवशी तरी कुणी विचारते का?

कायदे झाले नाहीत असे नाही. व्हिटले कमिशनने १९३१ साली विडीच्या कोंदट कारखान्यांतल्या लहान मुलांविषयी लिहिले. मध्य प्रांताने १९३७ साली अनियंत्रित कारखान्यांचा कायदा केला. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४४ साली रेगे समिती नेमली गेली. तिने विडी धंद्याची स्वतंत्र पाहणी केली. नंतर १९६६ चा विडी कामगार कायदा, १९७६ चा कल्याण निधी. प्रत्येक वेळी झाले एकच. कारखान्याला कायदा लागला की काम कारखान्यातून उठून घरात गेले. घरात ना घड्याळ, ना निरीक्षक. राहिला तो सट्टेदार. आमचा सट्टेदार आठशेतल्या पन्नास-साठ विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढायचा. छाट म्हणजे नापास विडी. तिची मजुरी मिळायची नाही, आणि ती परतही मिळायची नाही. ती कुठे जायची, हे लहानपणी मी मायला विचारले होते. माय म्हणाली, "जाते कुठं, बाबू? तिकडंच जाते. ओढणाऱ्याले थोडीच मालूम हाय."

कल्याण निधी ज्या उपकरावर चालायचा तो २०१७ साली जीएसटी आला तेव्हा गेला. त्याविरुद्ध वस्तीत एकही सभा झाली नाही. आम्ही तेव्हा दुसऱ्या सभांत होतो.

आता शरीराविषयी. विडी सिगारेटपेक्षा सौम्य, हा खेड्यापाड्यांतला समज साफ खोटा आहे. तेंदूचे पान हवा आत येऊ देत नाही. विडी विझू नये म्हणून जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते, आणि एवढ्याशा तंबाखूतून निकोटिन, डांबर व विषारी वायू सिगारेटइतके किंवा जास्तच छातीत जातात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सुमारे ६ वर्षांनी आणि बाईचे सुमारे ८ वर्षांनी कमी होते असे दिसले. क्षयाने मरणाऱ्यांतही ओढणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. आणि वळणारी? ती ओढत नाही, पण निकोटिन कातडीतून आत जाते, धूळ श्वासात जाते. मायचा खोकला आम्ही भावंडे घरातल्या भांड्यांच्या आवाजासारखा ऐकत आलो. तो आजार आहे हे मला कळले तेव्हा मी एम. ए. झालो होतो.

बाबा विडी ओढत नसत. दारूलाही त्यांनी कधी हात लावला नाही. दीक्षेची प्रतिज्ञा त्यांनी अक्षरशः पाळली. ते खर्रा खायचे. सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटून पन्नीत बांधलेला हा आमच्या विदर्भाचा मेवा! आधी तिखट लागेना. मग तोंड तीन बोटांचे दोन बोटांवर आले, पुढे एका बोटावर. गालाच्या आतले मांस सुपारीने दोरासारखे घट्ट होते, आणि त्यावर तंबाखूने कर्करोग धरतो, हे डॉक्टरने सांगितले तेव्हा गाठ मानेत उतरली होती. ते म्हणायचे, "मी काही दारूडा नाही." या एका वाक्याने त्यांना दहा वर्षे फसवले. दारू पिणारा माणूस समाजात खाली बघतो, खर्रा खाणारा पाहुण्याला पुढे करतो. माझ्या मते आपल्या चळवळीच्या मौनाने नेमके हे केले: एका व्यसनाला पाप ठरवले आणि दुसऱ्याला पाहुणचार.

दारूचा धोका यामुळे लहान होत नाही. तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंडाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका नुसती बेरीज होऊन वाढत नाही, तो कित्येक पट होतो. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, तीही मोलमजुरीचीच. परंतु दलित म्हणजे पिणारा असे जे चित्र प्रस्थापित साहित्याने रंगवले, त्याचा इतिहास कुणी सांगत नाही. इंग्रज सरकारने १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू सरकारी ठेक्यात घेतली, १८९२ साली ठाणे-कुलाब्यातल्या आदिवासींच्या मोहफुलांवरही कायदा बसवला. घरची स्वस्त दारू गुन्हा ठरली आणि ठेक्याची महाग दारू महसूल. बाबासाहेबांनी १९२७ च्या मार्चमध्ये मुंबई कौन्सिलात हाच हिशेब मांडला: सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करते आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते, जेवढे दारूतून घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा. तंबाखूच्या कराबद्दल हा हिशेब आज कुणी मांडला आहे काय?

गेल्या १४ एप्रिलला आमच्या गावच्या विहारात व्यसनमुक्तीचा ठराव झाला. मी बोलायला होतो. ठरावात दारू होती. मी उठून म्हणालो, खर्रा आणि विडीही घाला. मागे बसलेल्या बायांत एक मावशी उभी राहिली. तिची बोटे मायच्या बोटांसारखीच, पहिल्या पेराशी काळपट. ती म्हणाली, "सर, खर्रा घाला. विडी घालाल तर आमाले दुसरं काम बी त्यातच लिहा." सभेत कुणी हसले नाही. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. माझ्याकडे लिहायला दुसरे काम नव्हते. ठरावात खर्रा आला, विडी वगळली गेली आणि वगळणाऱ्यांत मीही हात वर केला.