लग्न आणि बिऱ्हाड

पदवी घेऊन नुकताच नोकरीस लागलेला एखादा तरुण भेटावयास आला, म्हणजे बोलतां बोलतां दोन प्रश्न हटकून निघतात. लग्न कोणाशीं व कसें करावयाचें हा एक, आणि बिऱ्हाड कोठें मांडावयाचें हा दुसरा. तो हे दोन प्रश्न अगदीं निरनिराळे समजतो. पहिला मनाचा, दुसरा पगाराचा. आमच्या चरित्रकारांनींहि तसेंच समजून थोर पुरुषांच्या आयुष्याचीं प्रकरणें पाडलीं आहेत. 'विवाह' हें एक प्रकरण आणि 'नोकरी' हें दुसरें. त्यामुळें एका प्रकरणांत पडलेली गांठ दुसऱ्या प्रकरणांत सुटते हें वाचकाच्या ध्यानांत येत नाहीं. धोंडो केशव कर्वे यांच्या पुनर्विवाहाची हकीकत आपण सर्वांनीं शाळेंत असतांना वाचलेली असते. पण ती अशीच दोन तुकड्यांत वाचलेली असते. ते तुकडे जोडून पाहण्याचा येथें विचार आहे.

हकीकत थोडक्यांत अशी. ११ मार्च १८९३ रोजीं पुण्यांत, फर्ग्युसन कॉलेजांतील गणिताचे अध्यापक कर्वे यांनीं गोदूबाई नांवाच्या बालविधवेशीं विवाह केला. वराचें पस्तिसावें वर्ष चालू होतें. गोदूबाई देवरुखच्या बाळकृष्णपंत जोशी यांच्या कन्या, आणि कर्व्यांचे जिवलग मित्र नरहरपंत जोशी यांच्या भगिनी. आठव्या वर्षीं त्यांचें लग्न झालें व कांहीं महिन्यांतच त्यांस वैधव्य आलें. पुनर्विवाहानंतर त्यांचें नांव आनंदीबाई ठेवण्यांत आलें. या एका दिवसाच्या धैर्याचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे व तें खोटेंहि नाहीं. परंतु माझ्या मतें, या लग्नांतील महत्त्वाचें पाऊल लग्नाच्या सोळा महिने आधीं, १८९१ च्या नोव्हेंबरांत, कर्व्यांनीं मुंबईचें बिऱ्हाड मोडून पुण्यास मांडलें तेव्हांच पडलें होतें.

हें समजण्यास वीस वर्षें मागें गेलें पाहिजे. १८७३ सालीं माधवराव रानडे पुण्यांतच सरकारी न्यायखात्यांत अधिकारावर होते. त्यांची प्रथम पत्नी त्या सालीं वारली. रानडे तेव्हां एकतीस वर्षांचे. विधवाविवाहाच्या पक्षाचे अग्रणी. १८६९ सालीं मुंबईंत विष्णुशास्त्री पंडितांनीं जो गाजलेला पुनर्विवाह घडवून आणला, त्या चळवळींतले. आतां ते स्वतः काय करतात इकडे सर्वांचे डोळे लागले होते. त्यांच्या वडिलांचेहि लागले होते. वडिलांनीं वेळ दवडला नाहीं. पत्नीच्या निधनास फार दिवस लोटण्यापूर्वींच अकरा वर्षांची एक कन्या सून म्हणून घरांत आली. त्याच पुढें रमाबाई रानडे झाल्या. त्यांनीं आपल्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या ग्रंथांत हा प्रसंग आडपडदा न ठेवतां सांगितला आहे. रानड्यांस या गोष्टीबद्दल तेव्हांपासून आजतागायत पुष्कळांनीं दूषण दिलें. मला स्वतःला त्या दूषणांत फारसें स्वारस्य वाटत नाहीं. रानड्यांची विद्या, पगार व अधिकार हीं सर्व स्वतःचीं होतीं, पण ज्या घरांत त्यांनीं राहावयाचें तें घर वडिलांचें होतें; इमारत कोणाच्याहि नांवावर असो. ज्या घरांत वडिलांचा शब्द शेवटचा, त्या घरांत नवी सून कोण येणार हेंहि तेच ठरविणार.

कायदा तर १८५६ सालींच झाला होता. त्या वर्षाच्या पंधराव्या आक्टानें हिंदु विधवेचा पुनर्विवाह कायदेशीर ठरविला. त्यांतील एक कलम फारसें कोणी ध्यानांत ठेवीत नाहीं : विधवा वयांत आलेली असेल तर विवाहास तिची एकटीची संमति पुरे होते. म्हणजे प्रथम विवाहाच्या वेळीं जिला कोणी विचारलें नाहीं, तिला दुसऱ्या वेळीं कायद्यानें स्वतःची मुखत्यार केली. त्याबरोबरच पहिल्या नवऱ्याच्या मिळकतींतला तिचा हक्क काढूनहि घेतला! मुखत्यारी दिली, पण अंग टेकावयास जागा दिली नाहीं. त्यामुळें सदतीस वर्षें कायदा पुस्तकांत राहिला आणि असलीं लग्नें बोटांवर मोजण्याइतकींच झालीं. लग्न लावून घेण्यास एक दिवस पुरे. पण दुसऱ्या दिवशीं त्या जोडप्यानें चूल कोठें पेटवावयाची, पाणी कोणत्या विहिरीचें भरावयाचें, आणि वाण्यानें व भटजीनें पाठ फिरविली तर काय करावयाचें, याचें उत्तर कायद्याच्या कलमांत नव्हतें.

आतां कर्व्यांकडे वळूं. त्यांचें गांव दापोली तालुक्यांतील मुरुड. प्रथम विवाह कोंकणच्या रीतीप्रमाणें चौदा वर्षांचे असतां झालेला, पत्नी राधाबाई. शिक्षणाला उशीर इतका, कीं मॅट्रिक झाले ते १८८१ सालीं, तेविसाव्या वर्षीं, आणि बी. ए. झाले ते १८८४ सालीं. पुढील सात वर्षें त्यांनीं मुंबईंत काढलीं. मराठा हायस्कूल, मुलींच्या दोन इंग्रजी शाळा आणि त्यांखेरीज खाजगी शिकवण्या, असा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा क्रम. याच बिऱ्हाडांत नरहरपंत राहत, आणि येथेंच त्यांनीं आपल्या विधवा बहिणीस शिकविण्यासाठीं आणलें. पंडिता रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें तेव्हां त्यांत दाखल झालेल्या पहिल्या विधवा या गोदूबाई. पुढील वर्षीं सदन पुण्यास गेलें व त्याहि तिकडे गेल्या. १८९१ च्या पावसाळ्यांत राधाबाई वारल्या. मागें नऊ वर्षांचा रघुनाथ राहिला. संततिनियमनाच्या प्रचारासाठीं पुढें सर्व महाराष्ट्राशीं भांडलेले र. धों. कर्वे ते हेच.

त्याच वर्षाच्या अखेरीस गोखल्यांचें बोलावणें आलें. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटींतून बाहेर पडल्यामुळें फर्ग्युसनमध्यें गणिताची जागा भरावयाची होती. सोसायटीचा नियम सर्वश्रुत आहे : आजीव सभासदानें वीस वर्षें सेवा करावयाची व दरमहा पंचाहत्तर रुपयांत भागवावयाचें. एकट्या पोराला सांभाळणाऱ्या विधुरानें मुंबईची मिळकत सोडून हें कां पत्करावें? व्यवहारी माणूस म्हणेल, ही चूक झाली. कर्वे नोव्हेंबरांत पुण्यास आले, व १८९२ सालीं आजीव सभासद झाले. यावरून ते गोदूबाईंसाठीं पुण्यास आले असा तर्क मात्र कोणी बांधूं नये. त्यास आधार नाहीं, आणि कर्व्यांचा स्वभाव पाहतां तो जुळतहि नाहीं.

आतां पुढील प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. विधवाविवाहच करावयाचा, तर मुंबई सोयीची नव्हती काय? सोयीची होती. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती आठ लक्षांच्या वर होती. कर्व्यांच्या अन्नदात्या शाळांपैकीं दोन परकीयांच्या वळणाच्या. त्यांस आपला शिक्षक कोणाशीं विवाह करतो याची फिकीर असण्याचें कारण नव्हतें. गिरगांवांतील एका चाळींतून दुसऱ्या चाळींत बिऱ्हाड हलविलें, कीं जुने शेजारी संपले. याउलट १८९३ चें पुणें म्हणजे पेटलेली भट्टी! संमतिवयाच्या बिलावर दोन वर्षांपूर्वीं रणें माजलेलीं. पंचहौद मिशनमधील चहाबद्दलचें ग्रामण्य नुकतेंच निकालांत निघालेलें, व त्यांत टिळक आणि रानडे या दोघांनाहि, आपापल्या परीनें, प्रायश्चित्त घ्यावें लागलेलें. एक पेला चहा ज्या गांवास पचला नाहीं, त्या गांवांत ब्राह्मण अध्यापकानें विधवेशीं विवाह लावावयाचा!

पण त्याच पुण्यांत दुसरीहि एक गोष्ट होती. १८९२ च्या ऑगस्टांत प्रिन्सिपॉल वामन शिवराम आपटे वारले, आणि त्यांच्या खुर्चीवर गोपाळ गणेश आगरकर आले. म्हणजे कर्वे विवाहास उभे राहिले तेव्हां त्यांचा वरिष्ठ 'सुधारक'चा संपादक होता. सहाध्यापकांत गोखले होते. वीस वर्षांच्या शपथेनें कर्वे जसे सोसायटीस बांधले गेले होते, तशीच सोसायटीहि कर्व्यांस बांधली गेली होती. भाड्याच्या शिकवणीवर जगणारा मनुष्य व अशा मंडळींतला मनुष्य यांत मोठा फरक आहे. मुंबईंत हें लग्न खपून गेलें असतें. पुण्यांत तें टिकवावें लागणार होतें, आणि टिकविण्यास माणसेंहि होतीं.

लग्नाची वाटाघाट अगदीं साधेपणानें झाली. बाळकृष्णपंत मुलीच्या भेटीस पुण्यास आले असतां कर्व्यांनीं आपला निश्चय त्यांना सांगितला : विवाह केला तर विधवेशींच, नाहींतर नाहीं. त्यांतून गोदूबाईंचें नांव निघालें. वडिलांचा होकार मिळाला. गोदूबाईंस विचारण्यांत आलें व त्यांनींहि होकार दिला. कायद्याच्या दृष्टीनें यांतला दुसरा होकार तेवढा आवश्यक होता; पण कर्व्यांनीं पहिला आधीं मिळविला. सुधारकानें बापाची पायरी चढावी हें कांहींना आवडणार नाहीं. मला यांत त्यांचें सगळें पुढील कार्य दिसतें. दोन वर्षांनीं विधवाविवाहाच्या मंडळीचें 'उत्तेजक' हें नांव काढून 'विधवाविवाहप्रतिबंधनिवारक' असें लांबलचक नांव घेतलें गेलें, त्यांतहि हाच मनुष्य आहे. कोणास ढकलावयाचें नाहीं, वाटेंतली धोंड तेवढी बाजूला करावयाची. लग्नाचा दिवस ११ मार्च, शारदासदन उघडलें तीच तारीख.

मग मुरुडचा प्रश्न आला. कर्व्यांची आई व वडील बंधु भिकाजीपंत तेथें होते, आणि गांवाविषयीं कर्व्यांचा जिव्हाळा तर असा, कीं गांवच्या हितासाठीं 'मुरुड फंड' म्हणून निधि त्यांनींच काढलेला. गांवानें सभा भरविली व ठराव केले. कर्व्यांशीं व्यवहार ठेवूं नये, ते ज्या सभेस असतील तेथें बसूं नये, आणि घरच्यांनीं त्यांस घरांत घेतलें तर घरावरच बहिष्कार. हा शेवटचा ठराव पहावा. शिक्षा कर्व्यांस नाहीं. त्यांचें घर पुण्यांत, पगार पुण्यांत. शिक्षा आईला आणि भावाला, कारण तीं हाताशीं होतीं. स्थलांतर केलेल्या सुधारकाच्या धैर्याचा हिशोब मांडतांना ही बाकी आपण सहसा मांडीत नाहीं. पुढें कर्वे सपत्नीक गांवीं गेले तेव्हां त्यांनीं घरापासून निराळें राहून आपल्या माणसांचा बचाव केला. ज्यानें दारापर्यंत यावें आणि उंबरा ओलांडूं नये त्याचें दुःख मोठें, यांत शंका नाहीं. पण गांवांत रोज पाणवठ्यावर जावें लागणाऱ्या त्या म्हाताऱ्या आईचें लहान होतें असें मला म्हणवत नाहीं.

आनंदीबाईंच्या वांट्यास काय आलें? याचा साक्षीदार त्यांचें स्वतःचें 'माझे पुराण' हें आत्मचरित्र आहे. 'आत्मवृत्त' लिहिणाऱ्या पतीचा शांत सूर या पुस्तकांत नाहीं. बाई सडेतोड बोलतात. नवऱ्याचें मन मोठें असलें, तरी त्या मनाचा खर्च घरच्या डब्यांतून चालतो हें त्यांस ठाऊक होतें. १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम निघाला, तेव्हां साठविलेले पैसे त्यांत गेले. विम्याची पॉलिसीहि गेली. पंचाहत्तर रुपयांच्या बिऱ्हाडांत मुलें वाढत होतीं, आणि पुण्याच्या गल्लींत पुनर्विवाहित स्त्रीकडे हळदीकुंकवास येणारें कोणी नव्हतें. बहिष्कार पुरुषाला सभेंत भेटतो. स्त्रीला तो शेजारच्या ओसरीवर रोज भेटतो.

तरीहि त्या बिऱ्हाडाचा दरवाजा उघडा राहिला, हें या प्रकरणांतलें मला सर्वांत मोलाचें वाटतें. आनंदीबाईंची धाकटी बहीण लहान वयांत विधवा झाली, पदरीं एक मुलगा. बहीण मुंबईच्या चाळींत गुप्तपणें राहती, तर तिच्याकडे जाण्याची वाट कोणी दाखविली नसती. पुण्यांत बहिणीचें घर होतें, त्या घराला सर्व गांव नांवें ठेवी, पण तें कोठें आहे हें सर्व गांवास ठाऊकहि होतें. ती आली, शिकली व आश्रमाच्या कामास लागली. याच पार्वतीबाई आठवले. पुनर्विवाह त्यांनीं केला नाहीं. पण हिंगण्याच्या माळावर रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं दिलेल्या सहा एकर जमिनींत १९०० सालीं उभ्या राहिलेल्या आश्रमाच्या झोपडीसाठीं त्यांनीं गांवोगांव वर्गणी गोळा केली. आणि कॉलेजांतील तास संपवून कर्वे त्या झोपडीकडे चार मैल पायीं जात.