फेरेमापकाची पारख

१९०६ साली खानदेशाची विभागणी होऊन चोपडा तालुका पूर्व खानदेशात दाखल झाला, त्या काळी या कापसाच्या मुलुखात जिनाच्या आसाचे फेरे घड्याळाशी ताडून पाहणे हे मिस्त्रीचे नित्यकर्म होते. कारण पट्टा घसरला की इंजिन यथास्थित धावे, परंतु सरकी मात्र सावकाश सुटे.

जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या फेरेमापकाची तपासणीही वस्तुतः याच परंपरेतली. चार सिलिंडरांचे चतुर्घाती इंजिन दर फेऱ्यास दोन ठिणग्या देते, सहांचे तीन. म्हणून सहांसाठी जुळवलेला विद्युत् मापक चारांवर बसविल्यास ३,००० फेऱ्यांच्या जागी २,००० दाखवतो. तारेवर चालणाऱ्या मापकाचा काटा थरथरू लागला, तर मापक उखडण्यापूर्वी कोरड्या पडलेल्या तारेस वंगण द्यावे, असा माझा आग्रह आहे.