रसायनीचे ॲसिटॅनिलाइड, परळचे उंदीर

पनवेलजवळ पाताळगंगेच्या काठी रसायनी नावाचे गाव आहे. नावातच त्याचा व्यवसाय. तेथील ‘हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स’ या सरकारी कारखान्यात ॲनिलिन आणि त्यापासून ॲसिटॅनिलाइड तयार होई. हे दुसरे नाव ध्यानात असू द्या.

1935 साली जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल या तांबड्या रंगाचा जंतुनाशक गुण जाहीर केला. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेने दाखवून दिले, की खरी करामत रंगाची नव्हेच. शरीरात त्याचे विघटन होऊन निघणाऱ्या सल्फॅनिलमाइडची आहे. हा रेणू तर 1908 पासून रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होता. सत्तावीस वर्षे त्याचे सामर्थ्य कोणाच्या लक्षात आले नाही!

मग त्या रेणूला निरनिराळी वलये जोडून प्रत्येक नवा पदार्थ जंतूंवर पारखण्याचा उद्योग जगभर सुरू झाला. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत के. गणपती हेच करीत होते. रीत अशी: ॲसिटॅनिलाइडवर क्लोरोसल्फॉनिक आम्लाची क्रिया करायची, मिळालेल्या सल्फोनिल क्लोराइडला हवे ते अमाइन जोडायचे आणि शेवटी ॲसिटिल गट काढून टाकायचा. हा गट म्हणजे निव्वळ झाकण. ॲनिलिनचे नाजूक टोक मधल्या क्रियांत बिघडू नये म्हणून घातलेले.

संस्थेपुढे प्रश्न प्लेगचा होता. 1897 पासून हाफकिन यांची लस होती. पण लस रोग टाळते, जडलेला रोग बरा करीत नाही. संचालक साहिब सिंग सोखी आणि बी. बी. दीक्षित यांनी प्लेगची लागण केलेल्या उंदरांना सल्फा औषधे दिली. सल्फाथायझोल गुणकारी ठरल्याचे त्यांनी 1940 मध्ये ‘लॅन्सेट’मधून मांडले. पाठोपाठ ते रुग्णांनाही मिळू लागले. सल्फा रेणू जंतूला त्याच्या गरजेच्या पॅरा-अमिनोबेंझोइक आम्लासारखा भासतो व त्याची वाढ खुंटते, हा उलगडाही त्याच वर्षी इंग्लंडमध्ये झाला.

दशकाअखेरीस स्ट्रेप्टोमायसिन आले आणि प्लेगपुरते सल्फाचे महत्त्व ओसरले. औषधे देशातच, सरकारी क्षेत्रात बनावीत हा सोखींचा आग्रह मात्र टिकला. औषधे देशात करायची तर त्यांचा कच्चा मालही देशातच हवा. ‘हिंदुस्थान ऑरगॅनिक’ची स्थापना 1960 ची, ती याच गरजेतून.

मे 2017 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीतील प्रकल्प बंद करण्याचा निर्णय घेतला. वगळला तो अग्निबाणांसाठी नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारा विभाग. तो इस्रोकडे सोपवायचे ठरले.