तोड्याची बंदूक : जगबुडीनंतरच्या खेळांतील उपयुक्तता

तोड्याची बंदूक : नळीच्या तोंडातून दारू आणि शिशाची गोळी ठासून, धुमसत्या तोड्याने पेटवायची जुनी बंदूक. कारखाने बंद पडले, वीज गेली, सरकार उरले नाही, अशा जगात घडणाऱ्या संगणकीय खेळांत ही किंवा हिच्यासारखी गावठी बंदूक हमखास भेटते. लोहाराच्या हातची वस्तू असल्याने ती सर्वांत शेवटपर्यंत टिकेल, असे त्यामागचे गृहीतक. बंदुकीपुरते ते बरोबर आहे, दारूपुरते नाही.

लोखंडी नळी, नळीच्या मागच्या टोकाशी बारीक छिद्र म्हणजे कान, कानाशी रंजकाची, म्हणजे पेटवणीच्या दारूची, वाटी, लाकडी दस्ता आणि तोडा धरणारा वाकडा घोडा, एवढाच हिचा पसारा. चाप ओढला की घोडा खाली येतो, तोड्याचे निखारलेले टोक रंजकाला लागते आणि कानातून आग आत शिरते. तोडा ही सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी. तुटफूट झाली तर गावचा लोहार दुरुस्त करतो. युरोपात 1700 च्या सुमारास चकमकीच्या बंदुकीने हिला हटवले, तरी आपल्याकडे ती एकोणिसाव्या शतकातही वापरात होती, ती या साधेपणामुळेच. मात्र सरावलेल्या माणसालाही मिनिटाला फार तर दोन बार जमत, आणि शंभर मीटरपलीकडे नेम लागणे नशिबावर असे.

खरी अडचण दारूची. कोळसा कुठेही पडतो. दारूत वजनाने पाऊण भाग लागणारा सोरा गोठ्यांतल्या आणि जुन्या वस्तीच्या खारट मातीतून काढावा लागतो. तो पाण्यात विरघळतो, म्हणून कोरड्या हवेत साचतो आणि कोकणासारख्या पावसात वाहून जातो. सतराव्या-अठराव्या शतकांत बिहारचा सोरा युरोपीय कंपन्या जहाजे भरभरून नेत, ते उगीच नव्हे. दारूचा तिसरा घटक गंधक. महाराष्ट्राच्या काळ्या कातळात त्याच्या खाणी नाहीत. तो बाहेरूनच येई. आज मुंबईत माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत गंधक उपउत्पादन म्हणून निघतो, पण ते कारखाने थांबले की उरेल तो फक्त साठा.

खेळ इथे सोयीने वागतात. 2018 मध्ये पूर्ण स्वरूपात आलेल्या ‘रस्ट’मध्ये दारू कोळसा आणि गंधक एवढ्यावर तयार होते, सोऱ्याचे नावच नाही, आणि गंधकाचे दगड माळावर पडलेले असतात. त्याच खेळातले इओका पिस्तूल मात्र प्रामाणिक आहे. दगडाने ठिणगी पाडायची. बार उडेल किंवा उडणार नाही. ‘फॉलआउट 4’मधली पाइपची बंदूक दिसते ओबडधोबड, पण युद्धाला 210 वर्षे उलटल्यावरही ती तयार काडतुसे खाते. काडतुसाच्या बुडातले स्फोटक रसायन हे लोहाराचे काम नव्हे, त्यामुळे त्या बंदुकीला आदिम म्हणता येत नाही. ‘मेट्रो 2033’ (2010) या खेळाने मर्म ओळखले : तिथे चांगली काडतुसे हेच चलन आहे.

या साऱ्याचा पडताळा मुंबईच्या मालाड उपनगरातच घेता येतो. मालवणी, आक्सा, एरंगळ मागे टाकून रस्ता मढला संपतो. तिथे खाडीच्या मुखावर पोर्तुगिजांचा किल्ला आहे. हवाई दलाच्या ताब्यात असल्याने तो बाहेरूनच पाहावा लागतो. वसईच्या मोहिमेत, 1739 च्या आरंभी, मराठ्यांनी तो घेतला. 1774 मध्ये साष्टीबरोबर तो इंग्रजांकडे गेला. चिमाजी अप्पांनी मे 1739 मध्ये वसई जिंकली, तेव्हा तट फोडला तो बंदुकांनी नव्हे, तटाखाली भरलेल्या सुरुंगांनी. बंदूकवाल्यांचे काम मोर्च्याच्या आडोशाने तटावरच्या माणसाला डोके वर काढू न देण्याचे. एक बार झाल्यावर नळी पुसायची, दारू ओतायची, गोळी गजाने ठासायची, वाटीत रंजक घालायचे, तोड्यावर फुंकर घालून निखारा जागा करायचा. तोवर शेजारच्या सोबत्याने गोळी झाडली नाही, तर समोरचा तलवार घेऊन अंगावर येतो. खेळांतला एकटा भटकणारा वीर या बंदुकीवर दोन दिवससुद्धा काढू शकणार नाही.

आणि पाऊस. मढच्या किनाऱ्यावरचा वारा कोरड्या दिवसातही वाटीतले रंजक उडवून नेईल. जूनमध्ये तोडाच विझतो. 23 जून 1757 रोजी प्लासीला सर आली. इंग्रजांनी दारू झाकली होती, बंगालच्या नवाबाच्या सैन्याची भिजली, आणि लढाईचा रंग पालटला. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला निघत त्याला नद्यांचे पूर, वैरण, शेती अशी मोठी कारणे होती. दारू कोरडी राहणे हेही त्यांतलेच एक मानावे लागते.

कोकणात वानर-डुकरांपासून पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक आजही परवान्यावर मिळते. 1959 च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी तिचा स्वतंत्र उल्लेख आहे. पण तीही केपेवर, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या लहान टोपीवर, चालते, आणि केप कारखान्यातून येते. दुकान बंद पडले की ती नुसती नळी.

तेव्हा मालाडसारख्या ठिकाणी घडणारा खेळ कोणी रचणार असेल, तर त्याने बंदूक स्वस्त ठेवावी, सोरा दुर्मीळ ठेवावा, आणि मृगापासून दसऱ्यापर्यंत खेळाडूच्या हाती कोयता व धनुष्य द्यावे.